हेनिंगचा गुडघा

हेनिंग स्टेनवाल डाव्या पायाने लंगडतो. स्वीडनच्या उत्तरेकडच्या ग्रानसेलेत लाकूड कापायची एक गिरणी, एक नदी, एक चर्च आणि एक बर्फाचा हॉल एवढंच काय ते आहे. अशा गावात एखादा माणूस लंगडला तर त्यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण सुरुवातीचे काही दिवस तो उजव्या पायाने लंगडत होता. हे गावातल्या प्रत्येकाने पाहिलं आणि त्याच्या तोंडावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पाठीमागे काय बोलणं झालं ते विचारू नका. पंधरा वर्षं पुरलं.

आधी तो बर्फावरची हॉकी कशी खेळायचा ते सांगायला हवं, नाहीतर लंगडण्यातली गोम कळायची नाही.

नोव्हेंबर लागला की बंबवाले शाळेच्या पटांगणात पाणी सोडत. सकाळपर्यंत त्याचा दगड होई आणि गावातली सगळी पोरं पायांना स्केट बांधून त्यावर तुटून पडत. त्या पोरांत हेनिंग अंगाने सगळ्यात थोराड आणि पायाने सगळ्यात मंद. "तुला पळता येत नाही ना, मग निदान आडवा तरी पड," असं त्याचा बाप एव्हर्ट एकदा वैतागून म्हणाला. पोराने ते मनावर घेतलं. समोरच्याने चकती मारायला काठी उगारली की हेनिंग बर्फावर आडवा. ती रबराची चकती छातीवर बसो, मांडीवर बसो, नाहीतर थोबाडावर, मागे गोलात म्हणून जायची नाही. पुढे गावच्या क्लबात बचावाला उभा राहिला तोही याच एका विद्येवर. पुढचे चार दात कुठे गेले असं विचारलं की तो गावांची नावं सांगायचा: एक शेलेफ्तेओला, एक पिटेओला, एक बोडेनला. चौथा स्वतःच्याच लग्नात पडला, पण ती गोष्ट त्याची बायको गुनवोर कुणाला सांगू देत नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात कॅनडातल्या एका क्लबाचा माणूस गावात आला. पातळ तळव्याचे बूट घालून आला होता, त्यामुळे हॉलच्या दारापर्यंत पोचेस्तोवर दोनदा पडला. त्या काळी कॅनडावाले आमच्याकडच्या खेळाडूंना घाबरट कोंबड्या म्हणत. त्यामुळे छातीवर चकती झेलणारा स्वीडिश माणूस म्हणजे त्याला दोन डोक्यांचं वासरू दिसल्यासारखं झालं. त्याने हेनिंगला सप्टेंबरातल्या सराव शिबिराचं बोलावणं दिलं. तिथे टिकलास तर तिथलाच झालास, असा सौदा. गावात तीन दिवस दुसरा विषय नव्हता.

घोटाळा एवढाच झाला की शिबिर आणि मुसाची शिकार एकाच सोमवारी सुरू होत होती.

मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण. सप्टेंबरात त्याच्या शिकारीचा आठवडा लागला की ग्रानसेलेत गिरणी बंद, शाळा अर्धी रिकामी, आणि दात दुखला तरी उपयोग नाही, कारण दंतवैद्य स्वतः बंदूक घेऊन झाडामागे उभा असतो. काहीजण हाका घालत रान उठवतात, बाकीचे आपापल्या ठाण्यावर गप्प उभे राहतात. या ठाण्यांत मोठ्या दलदलीच्या काठचं ठाणं म्हणजे गादीच. जनावर उठलं की बहुतेक तिथूनच बाहेर पडतं. माणसं अर्धं आयुष्य त्या ठाण्याची वाट पाहतात. त्या उन्हाळ्यात तिथला म्हातारा वारला. शिकारीचा म्होरक्या एव्हर्ट. त्याने फार विचार न करता ते ठाणं मुलाला दिलं.

हेनिंगने कॅनडाला कळवलं की आठवडाभराने येतो. एका आठवड्याने काय होतंय?

तो गेला तेव्हा पेटीत मुसाचं सुकं मांस होतं. तिथल्या कस्टमवाल्यांनी ते कचऱ्यात टाकलं. हॉलवर पोचला तर त्याच्या नावाच्या खुंटीवर दुसऱ्याचा शर्ट लटकत होता. कुणी वाईट बोललं नाही, कारण तो कोण हेच कुणाला आठवेना. त्याने वर बाकावर बसून एक सराव पाहिला, आणि परत आला. स्टेशनवर उतरला तो लंगडतच. म्हणाला, पहिल्याच दिवशी गुडघा गेला.

आता माय-ब्रित, म्हणजे हॉलमधली कॉफीची टपरी चालवणारी बाई, तिची मावसबहीण त्याच शहरात एका खानावळीत कामाला होती, हे हेनिंगच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. तो स्टेशनवर उतरायच्या आधी खरी हकीकत गावात पोचून, कॉफीसोबत चघळून, थंडसुद्धा झाली होती. पण मग एक गंमत झाली. कुणी बैठक बोलावली नाही, कुणी हात वर केला नाही, तरी गावाने ठरवलं की हेनिंगचा गुडघा कॅनडात गेला. डॉक्टरने निमूट पट्टी बांधली. उजवा-डावा गोंधळ झाला तेव्हा गुनवोरने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "अरे, डावा." एवढंच. त्या घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

पट्टी बांधून तो आणखी काही मोसम खेळला, मग प्रशिक्षक झाला. प्रशिक्षक म्हणून त्याचं सगळं शहाणपण एका वाक्यात मावायचं: "आपली जागा सोडायची नाही." बचाववाल्यांना तेच, पुढच्यांना तेच, गोल राखणाऱ्या बिचाऱ्या गोलीलाही तेच, जो तसाही कुठे जाणार होता? पोरं त्याची नक्कल करायची. पण त्याच्यासाठी आडवीही पडायची.

एकोणनव्वद सालापर्यंत मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. चांगली पोरं एकेक करून दक्षिणेला गेली. दोन मोसम क्लब खालच्या वर्गात घसरता घसरता वाचला. ऑगस्टात क्लबाचा अध्यक्ष होल्गर, गिरणीतला मुकादम, दालचिनीचा पाव कॉफीत बुडवत त्याच्यासमोर येऊन बसला.

"गिरणीवाल्यांचं म्हणणं असं," होल्गर म्हणाला, "की यंदा खाली गेलो तर ते हात काढून घेणार. हॉलमध्ये फळ्या रचतील म्हणे. कोरडी जागा आहे, छप्पर चांगलं आहे."

"आणि मी?"

"तुझं काय, गोदामाला राखणदार लागेलच की."

होल्गर हसला. हेनिंगही हसला. चाळिशी ओलांडलेला माणूस. कॅनडा गेला, दात गेले, पोरंबाळं झाली नाहीत. सकाळी उठून जायला तो हॉल होता. गावात त्याच्याकडे पाहून माणसं मान हलवायची ती त्या हॉलमुळे. तो गेला तर उरणार काय? एक खोटा गुडघा.

वाचवणारा एकच होता, स्टेलान विकलुंड. वीस वर्षांचा गोली, लांबलचक हातापायांचा, बोलायला मुखदुर्बळ, पण त्याच्यामागे चकती जाणं म्हणजे दाराच्या फटीतून बैल जाणं. त्याला वगळलं तर दुसरा गोली होता बेंग्ट, पोस्टमनचा मुलगा. स्वभावाने देवमाणूस. फक्त चकती जवळ आली की डोळे मिटायचा.

शिकारीच्या पहिल्याच सोमवारी, सकाळचा हाका आटोपल्यावर, हेनिंग गाडी घेऊन गावात आला. बर्फ धरणारं यंत्र आदल्या दिवशी कुरकुरत होतं, त्यावर एक नजर टाकावी म्हणून. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. फक्त टपरीत माय-ब्रित पातेली घासत होती. टपरीच्या फळीवरचा फोन वाजला. तिचे हात साबणाचे होते, म्हणून हेनिंगने उचलला.

स्टॉकहोमहून कुणी बोलत होता. कॅनडातल्या एका क्लबासाठी खेळाडू हेरायचं काम करतो म्हणाला. स्टेलानच्या घरी फोन कुणी उचलत नाही. तिकडच्या एका गोलीचं मनगट मोडलंय. स्टेलान गुरुवारी शिबिरात उभा राहिला तर जागा त्याची, नाही राहिला तर दुसरा कुणी बघतील. उद्या सकाळच्या विमानाने निघायला हवं.

"मी सांगतो त्याला," हेनिंग म्हणाला आणि फोन ठेवला.

"कोण गेलं रे?" माय-ब्रितने विचारलं.

"कुणी नाही."

"मग तुझा चेहरा असा का?"

"राँग नंबर होता."

"राँग नंबरवाल्याला 'मी सांगतो त्याला' म्हणालास?" ती पातेलं पुसत म्हणाली. "काय सांगणार आहेस, पोरा? आणि कुणाला?"

हेनिंगहून ती फार तर सहा वर्षांनी मोठी, पण हॉलमध्ये येणारा प्रत्येक पुरुष तिच्या लेखी पोरच. हेनिंग यंत्राकडे न बघताच बाहेर पडला. गाडीपर्यंत जाताना तो लंगडायला विसरला, असं माय-ब्रितने नंतर सांगितलं. पण ती काय, काहीही सांगते.

रस्ताभर तो स्वतःशी भांडत होता. सांगायचं तर आहेच, नाही कोण म्हणतंय? फक्त आत्ताच कशाला? पोरगं रानात आहे, रानात काय सांगायचं. संध्याकाळी सांगू. संध्याकाळी थकलेलं असेल, उद्या सकाळी सांगू. उद्या सकाळी विमान गेलेलं असेल. बरं, मग त्याला कळणारच नाही. जे कळलंच नाही त्याचं दुःख कसलं? इथे त्याला काय कमी आहे? आई आहे, गिरणीत नोकरी आहे, पुढेमागे एखादी पोरगी मिळेल. असा विचार करता करता त्याने गाडी दोनदा थांबवली.

रानात शेकोटी पेटली होती. काळ्या किटलीत कॉफी उकळत होती. माणसं कपात चीजचे तुकडे टाकून वर कॉफी ओतत होती. स्टेलान ओंडक्यावर बसून पाय पसरून मांसाचा तुकडा चावत होता. त्याच्या शेजारी जागा होती.

"ये, बैस," स्टेलान म्हणाला. "यंत्र ठीक आहे?"

"यंत्र?" हेनिंगला क्षणभर आठवेना. "हो. ठीक आहे."

ही वेळ होती. सगळे होल्गरच्या नवीन बुटांची टिंगल करण्यात गुंतले होते. कुणाचं लक्ष नव्हतं. हेनिंगने तोंड उघडलं आणि त्याच्याच कानांना त्याचे शब्द ऐकू आले: "दुपारच्या हाक्याला तू दलदलीवर उभा राहा."

शेकोटीभोवती सगळ्यांनी माना वळवल्या. बाप गेल्यावर हेनिंगच म्होरक्या झाला होता, ठाणी वाटणं त्याच्या हातात होतं, पण स्वतःचं दलदलीचं ठाणं त्याने पंधरा वर्षांत कुणाला दिलं नव्हतं. सख्ख्या मेहुण्यालाही नाही, आणि त्यावरून गुनवोरच्या माहेरी दोन नाताळ अबोला होता.

"मी?" स्टेलान म्हणाला. "आणि तू?"

"माझा गुडघा दुखतोय."

"बघा, कॅनडाची कळ आली," होल्गर म्हणाला. सगळे हसले, जरा जास्तच हसले.

हेनिंगने हे मुद्दाम केलं का? गावात यावर दोन पक्ष आहेत. पण त्याचं त्याला ठाऊक होतं. माणसाला या गावाला बांधून ठेवायचं असेल तर कोणता दोर चालतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्याच दोराने तो स्वतः बांधला गेला होता.

तो उताराच्या टोकाला, कुणालाही नको असलेल्या ठाण्यावर जाऊन उभा राहिला. समोर दाट झाडी. इथून मूस काय, ससाही दिसायचा नाही. हाकेवाल्यांचे आवाज लांबून येत होते. ठाण्यावरून हलायचं नसतं, बोलायचं नसतं, खोकायचंही नसतं. त्याला वाटलं, धावत जावं, दलदलीपर्यंत, आणि पोराला कॉलरला धरून ओढत गाडीत घालावं. पण हाका चालू असताना ठाणं सोडलं तर गोळीच्या रेषेत येऊन मरायचा माणूस. मग वाटलं, तेही बरंच होईल. असं त्याच्या मनात आलं आणि तो घाबरला. त्याने बंदुकीतून काडतूस काढून खिशात ठेवलं.

दलदलीकडून एक बार झाला. मग काहीच नाही. मग होल्गरची आरोळी.

त्या भागात कित्येक वर्षांत पडला नव्हता असा नर पडला होता. शिंगं अशी की दोन माणसांना मिळून उचलावी लागली. स्टेलान त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला होता आणि रडत होता की हसत होता ते समजत नव्हतं. माणसं त्याच्या पाठीवर थापा मारत होती. हेनिंगनेही मारली.

जनावर गावाबाहेरच्या कापायच्या शेडमध्ये आणलं. अजून चांगला उजेड होता. मोठं मांस आठवडाभर टांगून ठेवतात आणि शनिवारी वाटतात. पण काळीज, जीभ आणि कण्याखालचं मऊ मांस त्याच दिवशी वाटायचं असतं. वाटायची रीत एव्हर्टच्याही आज्याच्या वेळची. फळीवर सारखे ढीग करायचे, जेवढी माणसं तेवढे. एकाने फळीकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा ढीग. ना वशिला, ना भांडण.

पाठ करून उभं राहायचं काम म्होरक्याचं. बोट ठेवायला माय-ब्रित पुढे झाली. तिचा नवरा या टोळीतला होता, तो गेल्यापासून त्याचा वाटा तिला मिळतो. हॉलमधलं काम आवरून ती सरळ इकडे आली होती, आणि आल्यापासून तिने हेनिंगवरची नजर काढली नव्हती.

"हा कुणाचा?"

"होल्गरचा."

"हा?"

"दंतवैद्याचा."

"हा?"

"तुझा."

"आता काळजाचा मोठा तुकडा मलाच येणार, तुम्हाला काय सगळ्यांना काळीज आहेच," माय-ब्रित म्हणाली. लोक खिदळले. हेनिंग भिंतीकडे बघत होता. भिंतीवर जुन्या शिंगांची रांग होती आणि त्यातली एक जोडी त्याची होती, चौऱ्याहत्तरची. खाली बापाने कोरलेलं साल. ती शिंगं मध्यम होती. खरं तर लहानच होती. इतक्या वर्षांत त्याच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं.

"हा कुणाचा?"

नावं होत गेली. शेवटी सगळी नावं संपली.

"एक ढीग उरलाय," माय-ब्रित म्हणाली. "हा कुणाचा?"

"कुणाचा नाही."

"अरे, स्टेलान राहिला की," होल्गर म्हणाला. "ज्याने मारला त्यालाच विसरलास? म्हातारा झालास लेका."

"विसरलो नाही." हेनिंग अजून पाठमोराच होता. "त्याला वाटा नाही. तो खायला इथे नसणार. उद्या सकाळच्या विमानाने तो कॅनडाला निघतोय. दुपारी फोन आला होता."

हेनिंगने भिंतीकडे तोंड करूनच सगळं सांगितलं. मनगट मोडलेला गोली, गुरुवार, जागा.

मग स्टेलान बोलला. आवाजात आनंद होता, घाई अजिबात नव्हती. "मग शनिवारी निघतो ना. माझा नर आहे, कापायला मी नको? शिंगं मोजायची आहेत. थोड्या दिवसांनी काय होतंय? त्यांना हवा असेन तर थांबतील."

"खरंय," कुणीतरी म्हणालं. "आठवडा तर पुरा करू दे पोराला."

"आणि पहिली मॅच आहे वीस तारखेला," होल्गर घाईघाईने म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "जरा सगळ्यांनी विचार करू. क्लबाचंही बघायला हवं. हेनिंग, तूच सांग त्याला. तू गेला होतास तिकडे. तुझा गुडघा—"

हेनिंग वळला.

"माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं."

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"मी बर्फावर उतरलोच नाही," तो म्हणाला. "आठवडाभराने पोचलो तेव्हा माझ्या खुंटीवर दुसऱ्याचा शर्ट होता. शिकारीसाठी थांबलो होतो. ती तिथली शिंगं बघ, स्टेलान. बघ नीट. तेवढ्यासाठी. कुणी थांबत नसतं रे. थांबतो आपण."

"पण तू तर नेहमी म्हणतोस," स्टेलान चाचरत म्हणाला, "जागा सोडायची नाही."

"कारण मला दुसरं काही येत नाही. आणि दुपारी दलदलीचं ठाणं तुला का दिलं, माहितीये? फोन त्याच्या आधीच आला होता. तू इथून हलू नयेस म्हणून दिलं. गुडघा दुखत नव्हता. गुडघा कधीच दुखला नाही."

आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. माणूस पंधरा वर्षांचं ओझं सगळ्यांसमोर उतरवून उभा होता, आणि सगळ्यांना ते ओझं पहिल्या दिवसापासून पाठ होतं. आश्चर्य दाखवावं तर खोटं, न दाखवावं तर तो मेल्याहून मेला. शेवटी दंतवैद्य सुस्कारा टाकून म्हणाला, "बरं."

"तुम्हाला माहीत होतं," हेनिंग म्हणाला. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "सगळ्यांना?"

"पोरा," माय-ब्रित शक्य तितक्या हळू म्हणाली, "तू पहिले चार दिवस उजव्याने लंगडत होतास."

हेनिंग कापायच्या ठोकळ्यावर बसला. मग उठून स्टेलानला म्हणाला, "पहाटे गाडी घेऊन दारात येतो. पेटीत मांस भरू नकोस, काढून घेतात."

स्टेलान गेला. हेनिंगनेच त्याला किनाऱ्यावरच्या विमानतळावर सोडलं. तिथे पोचल्यावर पोराने हात पुढे केला, आणि हेनिंगला दुसरं काही सुचेना म्हणून तो म्हणाला, "डोळे उघडे ठेव." एरवी हे तो बेंग्टला सांगायचा.

पुढचं काय सांगायचं? बेंग्ट डोळे मिटत राहिला. वीस तारखेची मॅच हरले, नंतरची हरले, नाताळपर्यंत मोजणंच सोडलं. हेनिंग रोज हॉलवर यायचा, फळ्यावर बाण काढायचा, पुसायचा, पुन्हा तेच काढायचा. पोरं त्याच्यासाठी आडवी पडायची, पण उठायला वेळ लागायचा. घरी ताटातला बटाट्याचा गोळा तसाच गार व्हायचा. गुनवोर म्हणायची, "खा रे, त्या गोळ्याने तुझं काय वाकडं केलंय?" तो म्हणायचा, "मी काय केलं गं?" आणि ती ताट उचलून न्यायची, कारण दोन्ही उत्तरं खरी होती: चांगलं केलं, आणि सगळ्यांचं वाटोळं केलं. लोक काही बोलायचे नाहीत. आमच्याकडे लोक रागावले की बोलत नाहीत, हेच तर. पूर्वी टपरीत त्याच्यासाठी बाक सरकायचा. आता तो आला की माणसांचे कप आपोआप रिकामे व्हायचे.

मार्चात क्लब खाली घसरला. गिरणीने हात काढून घेतले. होल्गरने त्याला टपरीत बोलावून सांगितलं, आणि सांगताना या खेपेला पाव बुडवला नाही. अर्ध्या हॉलमध्ये फळ्या आल्या. राखणदार लागणार होता. उरलेल्या अर्ध्यात लहान पोरं स्केटवर घसरतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायलाही कुणीतरी हवंच होतं. होल्गरने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून ती ऑगस्टातली थट्टा निसटू नये म्हणून तो इतका सांभाळून बोलला, की हेनिंगनेच ती वाक्यं त्याच्यासाठी पुरी केली. आणि किल्ल्या घेतल्या.

स्टेलान तिकडे बहुतेक वेळ बाकावरच बसला. दोन मॅच खेळला आणि दोन्हींत मिळून अकरा गोल खाल्ले. दोन मॅचसाठी क्लब घालवला, असं काहीजण म्हणतात. पण त्याच्या नावाच्या खुंटीवर त्याचाच शर्ट होता, हे माय-ब्रितच्या मावसबहिणीने स्वतः चौकशी करून कळवलंय.

पुढच्या सप्टेंबरात म्होरक्या होल्गर होता. हेनिंगला यायचं नव्हतं, गुनवोरने बंदूक हातात देऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी शेडमध्ये होल्गर फळीकडे पाठ करून उभा राहिला आणि माय-ब्रितने बोट ठेवलं. एका ढिगाशी तिला जोराचा खोकला आला. "हा कुणाचा?" "हेनिंगचा," होल्गर लगेच म्हणाला. त्या ढिगात कण्याखालचं मऊ मांस चांगलं दुप्पट होतं, हे शेडमधल्या आंधळ्यालाही दिसलं असतं. एव्हर्टच्या आज्यापासून चालत आलेली रीत त्या संध्याकाळी पहिल्यांदा मोडली, आणि दंतवैद्य छताकडे बघत राहिला.

हेनिंगने ढिगाकडे पाहिलं. जास्तीचा तुकडा उचलून शेजारच्या ढिगात ठेवला, उरलेलं पिशवीत भरलं, आणि निघाला.

लंगडतच.

"आता कशाला लंगडतोयस रे?" होल्गरने राहवेना म्हणून विचारलं. "आता तर सगळ्यांना ठाऊक आहे."

"डॉक्टर म्हणतो, झिजलाय," हेनिंग म्हणाला. "पंधरा वर्षं वाकडा चाललो ना. आता खरंच दुखतो."

तो उतार उतरून दिसेनासा होईपर्यंत सगळे बघत राहिले. मग माय-ब्रित हात पुसून म्हणाली, "पण डावाच ना? नीट बघा रे कुणीतरी."